22 मजल्यांच्या इमारतीला ‘गगनचुंबी’ म्हणायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीची चार मजली इमारत पाडून तिथे 22 मजल्यांची नवी इमारत उभी राहणार आहे. विकसकाच्या पत्रकात ‘गगनचुंबी प्रकल्प’ छापलंय, वास्तुविशारदाच्या टिपणात ‘हायराइज’ आहे, सभासद ‘टॉवर’ म्हणतात. विशेष सर्वसाधारण सभेच्या मराठी सूचनापत्रात यातला कोणता शब्द घालायचा, आणि या तिन्हींचा अर्थ एकच आहे का?

अर्थ एक नाही. ‘गगनचुंबी’ हे वर्णन आहे. ‘टॉवर’ हा बोलण्यातला शब्द आहे. ‘हायराइज’, म्हणजे मराठीत ‘उंच इमारत’, ही नियमातली व्याख्या आहे आणि तिला कायदा चिकटलेला आहे. सूचनापत्रात ‘उंच इमारत’ लिहा आणि लगेच पुढे उंची मीटरमध्ये लिहा. मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, पुनर्विकासाच्या फायली रोज हाताखालून जातात. सभासदांचे बरेच गैरसमज या एका विशेषणापाशी सुरू होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘गगनचुंबी’. हा शब्द इंग्रजीतल्या ‘स्कायस्क्रेपर’वरून बेतलेला आणि कल्पनाही तिकडचीच, असं बरेच जण धरून चालतात. कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. ‘अभ्रंलिह’ म्हणजे ढगांना चाटणारा, आणि ‘अभ्रंकष’ म्हणजे ढगांना घासणारा. हे दोन्ही शब्द कसे सिद्ध होतात हे सांगायला पाणिनीच्या अष्टाध्यायीत सूत्रं आहेत. मेघदूतात अलकानगरीच्या वाड्यांचं वर्णन करताना कालिदासाने ‘अभ्रंलिहाग्राः प्रासादाः’ म्हटलंय. शेंडे ढगांना चाटतात असे प्रासाद. ‘अभ्रंकष’ आणि ‘स्कायस्क्रेपर’ शेजारी ठेवून बघा, प्रतिमा जवळपास तीच आहे. मराठीत मात्र चाटणं आणि घासणं मागे पडलं, चुंबन उरलं. मला ते आवडतं.

‘गगनचुंबी’ हे विशेषण असल्यामुळे त्याला पुढे नाम लागतं. ‘परळला दहा गगनचुंबी झाल्या’ असं आपण म्हणत नाही, ‘गगनचुंबी इमारती’ म्हणतो. हे विशेषण देवळाच्या शिखराला लागतं, देवदाराला लागतं, डोंगराच्या सुळक्यालाही लागतं. म्हणजे त्यात आकडा नाही, खाली उभं राहून वर बघणाऱ्याचा अनुभव आहे. कौलारू घरांच्या तालुक्याच्या गावात सात मजल्यांची इमारत उभी राहिली आणि स्थानिक बातमीदाराने तिला गगनचुंबी म्हटलं, तर मी ते चूक ठरवणार नाही.

मुंबईत हा अनुभव दर पिढीला वर सरकत गेलाय. 1878 साली राजाबाई टॉवर पुरा झाला तेव्हा त्याची 85 मीटर उंची शहरात कुठूनही नजरेत भरायची. 1961 मध्ये कारमायकल रोडवर 25 मजल्यांची ‘उषा किरण’ झाली, सुमारे 80 मीटर. म्हणजे माणसं राहायला राजाबाईच्या उंचीजवळ पोहोचायला ऐंशीहून जास्त वर्षं लागली. 1970 च्या दशकात नरिमन पॉइंटला एक्स्प्रेस टॉवर्स आणि एअर इंडियाची इमारत आली, 1980 मध्ये शेअर बाजाराची 118 मीटरची. मग 2010 च्या सुमारास ताडदेवचे इंपीरियलचे जोडटॉवर अडीचशे मीटरच्या घरात गेले, आणि लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागेवरची ‘वर्ल्ड वन’ 280 मीटरवर जाऊन थांबली. त्यानंतर तीनशे मीटरही ओलांडले गेलेत. या पार्श्वभूमीवर तुमच्या 22 मजल्यांना लोअर परळमध्ये कुणी गगनचुंबी म्हटलं तर ऐकणारा वर बघणारही नाही. मुलुंडच्या गल्लीत कदाचित बघेल.

मराठीत या कुळातले शब्द बरेच आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘टोलेजंग’ घ्या. त्यात उंची असतेच असं नाही, पण पसारा आणि भक्कमपणा हवाच. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत टोलेजंग आहे, तिला गगनचुंबी म्हणवत नाही. उलट अरुंद प्लॉटवर सरळसोट चढत गेलेली चाळीस मजली इमारत गगनचुंबी असेल, टोलेजंग नसते. हा फरक माझ्या कामात फार मोलाचा आहे. उंचीला पायाच्या रुंदीने भागल्यावर जो आकडा येतो तो जसजसा वाढतो, तसतशी इमारत वाऱ्यापुढे नाजूक होत जाते. भाषेने तो फरक दोन शब्दांत आधीच धरून ठेवलाय.

‘बहुमजली’ हा शब्द निव्वळ मोजणीचा आणि म्हणून प्रामाणिक. पाच मजलेही बहुमजली, पन्नासही. ‘उत्तुंग’ पुस्तकी आहे आणि हल्ली माणसांच्या कर्तृत्वालाच जास्त लागतो. ‘मनोरा’ म्हटलं की राहण्याची इमारत डोळ्यापुढे येत नाही, रायगडावरचे गंगासागराकाठचे मनोरे येतात. ‘बुरूज’ तर पूर्णपणे किल्ल्याचा. गंमत अशी की दुबईच्या 828 मीटरच्या बुर्ज खलिफातला ‘बुर्ज’ आणि आपला बुरूज हा एकच अरबी शब्द. तिथे त्याने जगातली सर्वांत उंच इमारत गाठली, इथे तो तटबंदीतच राहिला.

‘टॉवर’ची गोष्ट वेगळी. मुंबई-ठाण्यात ‘टॉवर’ म्हणजे लिफ्ट, गेटवर वॉचमन, इंटरकॉम आणि दरमहा जड मेंटेनन्स. उंचीइतकीच राहणीही त्यात येते. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करत बंद पडल्या आणि त्या जमिनींवर इमारती चढल्या, तेव्हापासून गिरणगावात ‘टॉवरवाले’ आणि ‘चाळवाले’ असे दोन शब्द दोन जगांसाठी वापरले गेले. आता चाळवालेच टॉवरमध्ये राहायला जातायत. वरळीच्या बीडीडी चाळींमध्ये तळमजला अधिक तीन मजले आणि 160 चौरस फुटांच्या खोल्या होत्या, तिथले रहिवासी 40 मजली पुनर्वसन इमारतींत 500 चौरस फुटांच्या घरांत जातायत. तेव्हा सभेत सभासद ‘आपला टॉवर’ म्हणाले तर म्हणू द्या. त्या शब्दात अपेक्षा आहे आणि थोडी धास्तीही. सूचनापत्रात मात्र तो शब्द काहीच सांगत नाही.

इंग्रजीतही ‘स्कायस्क्रेपर’ इमारतीसाठी जन्मला नव्हता. अठराव्या शतकात जहाजाच्या डोलकाठीवरच्या सर्वांत वरच्या शिडाला तो शब्द होता. पुढे उंच टोप्या, उंच घोडे, उंच माणसं यांनाही तो लागला. 1880 च्या दशकात शिकागो आणि न्यूयॉर्कमध्ये तो इमारतींना चिकटला आणि तिथेच राहिला. त्यामागे बांधकामातला खरा बदल होता. 1885 साली शिकागोत विल्यम ली बॅरन जेनी यांच्या आराखड्यावर होम इन्शुरन्स बिल्डिंग झाली. दहा मजले, 42 मीटर. आज ही उंची काहीच नाही. पण तिथे मजल्यांचा भार मुख्यत्वे धातूच्या सांगाड्यावर होता, भिंती बऱ्याच अंशी आडोसा. त्याच शहरात 1891 मध्ये मोनॅडनॉक बिल्डिंगचा विटांच्या भारवाही भिंतींचा 16 मजली भाग उभा राहिला. तळाशी त्या भिंती सुमारे 1.8 मीटर जाड कराव्या लागल्या. रस्त्यालगतची सर्वांत महाग जागा भिंतीनेच खाल्ली. वीटकामाने आणखी वर जाण्यात अर्थ उरला नाही, सांगाड्याला ती मर्यादा नव्हती. त्याच्या जोडीला एलिशा ओटिसची दोर तुटली तरी न पडणारी लिफ्ट 1850 च्या दशकापासून हाताशी होती. पाचव्या मजल्याच्या वर भाडं मिळायला लागलं ते तिच्यामुळे.

आता नियमातला अर्थ. तुमचं खरं काम इथे आहे.

नॅशनल बिल्डिंग कोड, 2016 ची आवृत्ती, 15 मीटर किंवा अधिक उंचीच्या इमारतीला ‘हायराइज’ म्हणते. तळमजला धरून पाच मजले झाले की झालं! ऐकून अनेकांना धक्का बसतो. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत ही रेघ 24 मीटरवर होती, 2034 पर्यंतच्या आराखड्यासाठी आलेल्या नव्या नियमावलीत ती 32 मीटरवर गेली. भारतीय मानक 16700 हे उंच काँक्रीट इमारतींच्या संरचनेसाठीचं मानक. ते 50 मीटरच्या वरच्या इमारतीला ‘टॉल’ आणि 250 मीटरच्या वरच्या इमारतीला ‘सुपर टॉल’ म्हणतं. मुंबईत तांत्रिक उच्चस्तरीय समितीपुढे, जिला सगळे ‘हायराइज कमिटी’ म्हणतात, पूर्वी 70 मीटरच्या वरच्या इमारती जायच्या, नंतर ती मर्यादा 120 मीटर झाली. आंतरराष्ट्रीय पातळीवर उंच इमारतींची परिषद 300 मीटरच्या पुढे ‘सुपरटॉल’ आणि 600 मीटरच्या पुढे ‘मेगाटॉल’ म्हणते. म्हणजे आपल्या मानकातला ‘सुपर टॉल’ आणि त्यांचा ‘सुपरटॉल’ यांत 50 मीटरचा फरक. जाहिरातीत यातला कोणता वापरलाय ते कुणी लिहीत नाही.

इतक्या रेघा कशाला, असं वाटेल. प्रत्येक रेघेमागे वेगळी भीती आहे. 15 ते 32 मीटरच्या रेघा आगीच्या आहेत. बंबाची साधी शिडी कुठवर पोहोचेल, जिन्यात धूर भरला तर वरचा माणूस किती वेळ तग धरेल, हा तिथला विचार आहे. जर्मनीत ‘होखहाउस’ची, म्हणजे उंच घराची, कायदेशीर व्याख्या सर्वांत वरच्या राहत्या मजल्याची जमीन 22 मीटरच्या वर असण्यावर आहे, तीही शिडीच्या पोचेवरूनच आलेली. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 2017 मध्ये लागलेल्या आगीत 72 माणसं गेली. त्यानंतर इंग्लंडमध्ये 2022 चा कायदा आला आणि 18 मीटर किंवा सात मजल्यांपासूनच्या निवासी इमारती ‘जास्त जोखमीच्या’ वर्गात गेल्या. 50 मीटरची रेघ मात्र माझ्या शाखेची. तिथपासून इमारतीचा स्वतःचा भार हा मोठा प्रश्न राहत नाही, वारा आणि भूकंप होतात.

तुमचीच इमारत घेऊ. 4.5 मीटरचा स्टिल्ट (खांबांवरचा मोकळा तळ), वर 22 मजले प्रत्येकी 3 मीटर, म्हणजे 66. गच्चीपर्यंत 70.5 मीटर. 15 ची रेघ ओलांडली, 32 ची ओलांडली, 50 चीही ओलांडली. 120 ची नाही. एका ओळीत तुमच्या इमारतीचा ‘अर्थ’ हा. वाऱ्याने तिचा माथा किती हलू द्यायचा याची मर्यादा उंचीच्या पाचशेव्या भागाइतकी, म्हणजे सुमारे 14 सेंटिमीटर. मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात आणि त्यावरून हे गणित करतात. सभासदांना हे आधीच सांगा. वरच्या मजल्यावर वादळात पंखा किंचित डोलताना दिसला तर इमारत कमकुवत आहे असं कुणी समजू नये. उंच इमारत हलते, तिने किती हलायचं ते आम्ही ठरवतो.

उंची कुठून कुठे मोजायची, यावर मात्र मी नेहमी अडून बसतो. एकाच इमारतीच्या फाइलमध्ये तीन वेगवेगळ्या उंची निघतात आणि तिन्ही बरोबर असतात. पालिकेच्या मंजुरीतली उंची भोवतालच्या जमिनीपासून गच्चीपर्यंत असते. लिफ्टची मशीनरूम, पाण्याच्या टाक्या, जिन्याचं डोकं हे सर्वसाधारणपणे त्यात धरत नाहीत. विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकत पत्रातली उंची समुद्रसपाटीपासून असते आणि तिथे सगळ्यात वरचं टोक धरतात, टाकी, अँटेना, वीजरोधक दांडा, सगळं. तुमची जमीन समुद्रसपाटीपासून 9 मीटरवर असली, तर 70.5 ची गच्ची 79.5 वर गेली. वर 6 मीटरची मशीनरूम आणि टाकी, त्यावर 2 मीटरचा दांडा, झाले 87.5. पत्रात ‘86 मीटर’ची परवानगी असेल तर 70.5 मीटरची इमारतही बसत नाही! आकडे वाचून ‘भरपूर मोकळीक आहे’ असं समजणारे सभासद मी पाहिलेत, आणि मग एक मजला कमी झाला की विकसकाने फसवलं अशी ओरड होते. कांदिवलीपासून घाटकोपरपर्यंत कुठेही प्लॉट असला तरी हे पत्र स्वतः वाचा.

तिसरी उंची दिमाखाची. आंतरराष्ट्रीय परिषदेच्या मोजणीत स्थापत्याचा भाग असलेला कळस धरतात, अँटेना धरत नाहीत. याच नियमाने क्वालालंपूरच्या पेट्रोनास टॉवर्सना 452 मीटर मिळाले आणि त्यांनी शिकागोच्या 442 मीटरच्या सिअर्स टॉवरला मागे टाकलं. सिअर्सचा सर्वांत वरचा मजला पेट्रोनासच्या वरच्या मजल्यापेक्षा बराच उंच होता, तरीही. शिकागोकरांना ते फार लागलं होतं. तुमच्या विकसकाच्या पत्रकात गच्चीवरच्या सजावटीच्या चौकटीसकट उंची छापली असेल तर ती याच जातीची.

मजल्यांच्या आकड्यावरही विसंबू नका. मंजूर नकाशात स्टिल्ट, पोडियम (इमारतीखालचा रुंद चौथरा, बहुधा पार्किंगचा), सर्व्हिस मजला (पाइप-वायरींचा), रेफ्युजचा (आगीत आसरा घेण्याचा) मजला वेगवेगळे दाखवलेले असतात. लिफ्टच्या बटणांवर आणि जाहिरातीत कधी पोडियमचेही मजले मोजतात, कधी तेरावा गाळतात. मग ‘22 मजले’ म्हणजे राहण्याचे 22 की एकूण 22, हा वाद ताबा देताना निघतो. त्याचा निकाल आजच्या सूचनापत्रात लावता येतो.

आणि ‘उंच इमारत’ हा शब्द स्वीकारला की त्याचा दरमहाचा खर्चही स्वीकारावा लागतो, हे सभेत स्पष्ट बोला. चार मजल्यांत तुमच्याकडे एक जिना आणि एक पंप होता. आता स्प्रिंकलर, आगीसाठी वेगळ्या टाक्या आणि पंप, धूर रोखणारे जिने, अग्निशमन दलाला वापरता येईल अशी लिफ्ट, जनरेटर. कोडप्रमाणे ही लिफ्ट तळापासून वरच्या मजल्यापर्यंत एका मिनिटात जायला हवी. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार ही सगळी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, ‘फॉर्म बी’, परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. ते सोसायटीचं काम आहे, विकसक तेव्हा निघून गेलेला असतो. ज्यांची पेन्शन ठरावीक आहे अशा सभासदांसाठी हा आकडा घराच्या चौरस फुटांइतकाच महत्त्वाचा आहे. कॉर्पस फंड, म्हणजे विकसकाकडून मिळणारा एकरकमी निधी, किती मागायचा हे यावरूनच ठरवा, शेजारच्या सोसायटीला किती मिळाला यावरून नको.

रेफ्युज एरियाचं एक सांगतो, कारण नकाशात बघताना लोक तो भाग वाया गेलेला समजतात. आग लागली तर वरच्या माणसांनी येऊन थांबायची, बंबाच्या शिडीला पोहोचता येईल अशी ती उघडी जागा. मुंबई अग्निशमन दलाकडे 90 मीटरपर्यंत जाणारी हायड्रॉलिक शिडी आहे, पण तिला उभं राहायला खाली मोकळी, पक्की जमीन लागते. कोड त्यासाठी सहा मीटर रुंदीचा मार्ग आणि वळायला नऊ मीटरची त्रिज्या मागतं. तिथे गाड्या लावल्या आणि वर रेफ्युजमध्ये वाढदिवसाचे हॉल थाटले, तर 70.5 मीटरच्या इमारतीत 15 मीटरच्या वरचं प्रत्येक घर स्वतःच्या नशिबावर राहतं.

तेव्हा सूचनापत्रात मी असं लिहीन: ‘प्रस्तावित इमारत ही विकास नियंत्रण नियमावलीनुसार उंच इमारत असून तीत स्टिल्ट व त्यावर राहण्याचे 22 मजले असतील. भोवतालच्या जमिनीपासून गच्चीपर्यंतची उंची 70.5 मीटर, आणि समुद्रसपाटीपासून सर्वांत वरच्या टोकाची उंची 87.5 मीटर.’ आकडे अर्थात तुमच्या नकाशातले घाला, हे मी उदाहरणाचे घेतलेत. खाली रेफ्युजचे मजले कोणते आणि अंदाजे मासिक देखभाल खर्च किती, या दोन ओळी जोडा. पत्रकातला ‘गगनचुंबी’ तसाच राहू द्या, त्याला हरकत घेण्यासारखं काही नाही. फक्त विकसन करारात तो शब्द कुठे आलाय का ते वकिलाकडून बघून घ्या, आणि आला असेल तर त्या जागी मीटर लिहून घ्या.